दाराची राखण

ज्युबिली आणि दार ह्यांचे नाते पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासात फार जुने आहे. इ. स. १३०० मध्ये पोप आठवे बोनिफेस ह्यांनी पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले, आणि पुढील शतकांत रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार उघडणे हा ज्युबिलीचा मुख्य विधी होऊन बसला. हे द्वार एरवी विटांनी चिणून बंद केलेले असे. पोप महाशय हातोडीने त्यावर आघात करीत, आणि चिणलेली भिंत खाली येताच जमलेले यात्रेकरू विटांचे व चुन्याचे तुकडे आठवण म्हणून उचलण्यास धाव घेत. १९७४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस भिंत उतरविताना तिचे तुकडे पोप सहावे पॉल ह्यांच्या अगदी जवळ पडले. तेव्हापासून ही जुनी पद्धत मागे पडून १९५० च्या ज्युबिलीसाठी बसविलेले ब्राँझचे कवाडच उघडण्याची रीत सुरू झाली. ज्या हातांनी दारासमोर जोडले जावे त्याच हातांनी दाराचे तुकडे घरी न्यावेत, ही मनुष्यस्वभावाची मौज आहे. शत्रू दार फोडतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण भक्त आणि मित्र हेही ते थोडे थोडे झिजवीत असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी वाचकांपुढे दारांचाच थोडा इतिहास ठेवावा, असे आमच्या मनात आले. देवालये कोणी बांधली, वेदी कोणी अर्पण केली, घंटा कोठून आली, ह्या गोष्टी अशा पुस्तकांत लिहिल्या जातात व त्या लिहिल्या जाव्यातही. परंतु वस्तीच्या तोंडाशी उभे असणारे दार कोणी राखले, त्याच्या बिजागरीस तेल कोणी घातले, त्याच्या मोडतोडीचा खर्च कोणी सोसला, ही हकीकत बहुधा कोठेच लिहिलेली नसते. आणि वस्ती टिकली की मोडली, हे पुष्कळदा त्या न लिहिलेल्या हकीकतीवरच अवलंबून असते.

हा इतिहास पाहण्यास दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईहून दक्षिणेस निघालेला वाटसरू महाड व पोलादपूर मागे टाकून कशेडीचा घाट चढू लागला, म्हणजे रायगड जिल्हा संपत येतो आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याची हद्द लागते. घाट हे डोंगराचे दारच होय. पोलादपुरावरूनच दुसरी वाट आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या बाजूने महाबळेश्वराकडे चढते. अशा दारांच्या ह्या मुलखात, महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, रायगड उभा आहे. आणि ज्याला आपल्या प्रांतातील सर्व दारांचा वडीलधारा म्हणावे असा महादरवाजा त्या गडाच्या वाटेवर आहे.

रायगडचा महादरवाजा एकाएकी दिसत नाही. वाट डोंगराच्या कुशीतून फिरत येते, आणि दोन अजस्र बुरुजांच्या मधल्या बेचक्यात, वाटसरू अगदी जवळ पोहोचल्यावर, दरवाजा समोर उभा राहतो. त्याच्या दोन्ही अंगांस दगडात कोरलेली कमळे आहेत, आत पहारेकऱ्यांसाठी देवड्या आहेत, आणि तेथून एका बाजूस टकमक टोकाकडे व दुसऱ्या बाजूस हिरकणीच्या बुरुजाकडे तटबंदी गेलेली आहे. ही रचना शोभेसाठी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात किल्ल्याच्या दरवाजाविषयी जे नियम सांगितले आहेत त्यांचा मतितार्थ असा, की दरवाजा खालच्या माऱ्यात सापडू नये, तो बुरुजांच्या आड असावा, आणि किल्ल्यास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष समजून आणखी दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्यात. दार म्हणजे भिंतीला पाडलेले भोक नव्हे, तर विचारपूर्वक घातलेला नियम होय, ही समज त्या काळी पक्की होती.

ह्या समजुतीमागे पैसाही उभा होता. १६७१–७२ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी गडांच्या इमारतींसाठी जो जाबता करून दिला, त्यात एकंदर १,७५,००० होनांची तरतूद असून त्यातील ५०,००० होन एकट्या रायगडाकडे लावलेले होते. होन हे सोन्याचे नाणे. तेव्हा ही रक्कम लहान नव्हे. युद्धाची धामधूम चालू असताना, शत्रू दाराशी असताना, चुना, दगड व लाकूड ह्यांच्या खर्चाची यादी आधी लिहून ठेवणारा राजा आपल्याला पुष्कळ शिकवून जातो. गड बांधून झाला म्हणजे खर्च संपला, असे त्याने मानले नाही.

खर्चाबरोबर माणूसही नेमलेला होता. सभासदाच्या बखरीवरून दिसते, की गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस असे अधिकारी असत व कोणा एकाच्या हाती सर्व कारभार नसे. दरवाजा उघडणे व लावणे, किल्ल्या जवळ बाळगणे, रात्री स्वतः फिरून बंदोबस्त पाहणे हे हवालदाराचे काम. धान्य, सामानसुमान व इमारतीचा हिशेब हा कारखानिसाचा प्रांत. गडाच्या पायथ्याशी घेऱ्यात व मेटांवर राहणारी रामोशी, महार, बेरड वगैरे मंडळी वाटा राखीत, आणि त्या बदल्यात त्यांस जमिनी व हक्क तोडून दिलेले असत. म्हणजे दाराच्या राखणीस दोन गोष्टी बांधून दिलेल्या होत्या: एक ठरलेले उत्पन्न, आणि एक ठरलेला माणूस.

हिरकणीची कथा सर्वांस ठाऊक आहे. दूध विकण्यास गडावर आलेली गवळण संध्याकाळी दरवाजे लागल्यामुळे अडकली, आणि घरी तान्हे मूल असल्यामुळे जीव धोक्यात घालून कडा उतरून गेली, असे परंपरा सांगते. ह्या कथेतून आईच्या मायेचा बोध आपण घेतो, आणि तो योग्यच आहे. पण तिच्यात दाराविषयीचेही दोन बोध आहेत. पहिला असा, की ठरल्या वेळी लागलेले दार कोणासाठीही उघडले गेले नाही. दुसरा असा, की महाराजांनी त्या बाईस शिक्षा न करता तिचा गौरव केला, आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधविला. उणीव दाखविणाऱ्यावर न रागावता उणीव बुजविणे, ह्यालाच खरी डागडुजी म्हणतात.

अशा दाराचे पुढे काय झाले ते आता पाहू. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, महाराणी येसूबाई व बाल शाहू कैदेत पडले. दरवाजा तोफेने फुटून गड पडला असे झाले नाही. गड शरण गेला. पुढे कित्येक वर्षे तो परक्यांच्या ताब्यात राहिला आणि १७३३ मध्ये मराठ्यांकडे परत आला. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथर ह्याच्या इंग्रजी फौजेने समोरच्या डोंगरांवरून तोफगोळ्यांचा मारा केला. आग लागून वरच्या इमारती जळाल्या, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई ज्या गडावर होत्या तो गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. महादरवाजाची दगडी बांधणी मात्र ह्या सर्वांतून उभी राहिली. तिला युद्धाने पाडले नाही.

तिला खरा धोका त्यानंतर आला, आणि तो शांततेच्या काळात आला. १८१८ नंतर नाशिककडील कित्येक डोंगरी किल्ल्यांच्या वाटा व पायऱ्या इंग्रजांनी जाणूनबुजून उद्ध्वस्त केल्या. रायगडाच्या वाट्यास आले ते दुर्लक्ष. हवालदार गेला, कारखानीस गेला, देवड्या ओस पडल्या. ज्या दाराची किल्ली कोणाच्याच कमरेला नाही, ते दार सर्वांचे होते आणि म्हणूनच कोणाचेच नव्हते. १८८३ मध्ये जेम्स डग्लस ह्या इंग्रज लेखकाने मुंबईवरील आपल्या ग्रंथात रायगडाची व महाराजांच्या समाधीची दुर्दशा वर्णून, एवढ्या मोठ्या राजाच्या स्थळाची कोणासच पर्वा नसावी ह्याबद्दल खेद व्यक्त केला. त्यानंतर सरकारने समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले. वाचकांनी ह्या दोन आकड्यांकडे क्षणभर पाहावे: एके काळी पन्नास हजार होन, आणि दोनशे वर्षांनी पाच रुपये! त्या दोन आकड्यांच्या मध्ये गडाचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

ह्या पाच रुपयांचीच लाज वाटून लोक जागे झाले असे म्हणण्यास हरकत नाही. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीची हाक दिली, गोरगरिबांनी, विद्यार्थ्यांनी आपापली लहान रक्कम पाठविली, १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. समाधीवरचे बांधकाम मात्र १९२६ च्या सुमारास, सरकारी खाते व लोकवर्गणी ह्यांच्या संयुक्त प्रयत्नाने पुरे झाले. हाक आणि काम ह्यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. उत्साहाची वर्गणी एकदा गोळा होते; परंतु दगड दरवर्षी झिजत असतो. हा धडा आपल्यासारख्या ज्युबिली साजऱ्या करणाऱ्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढे कायद्याचे संरक्षण आले. १९०४ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने सरकारवर अशा वास्तूंची जबाबदारी टाकली. १९५८ मध्ये स्वतंत्र भारताने त्याविषयी आपला कायदा केला. आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली. २०१७ मध्ये रायगडासाठी प्राधिकरण नेमून सुमारे ६०० कोटी रुपयांचा आराखडा करण्यात आला, आणि २०२५ च्या जुलै महिन्यात रायगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पाच रुपयांपासून सहाशे कोटींपर्यंतचा हा प्रवास खचितच आनंदाचा आहे. तथापि कायदा आणि कोटी ह्यांनाही एक मर्यादा असते. गडकिल्ल्यांच्या भिंतींवर खिळ्याने वा रंगाने आपले नाव लिहिणारा तरुण काही शत्रूचा हेर नसतो. तो जयजयकार करीतच गड चढून आलेला असतो. रोममध्ये पवित्र द्वाराची वीट उचलणारा यात्रेकरू आणि हा तरुण, दोघांचीही जात एकच. ज्या वास्तूवर प्रेम आहे तिच्यावर आपली खूण ठेवावी असे त्यास वाटते. ती वास्तू आपल्या खुणेविना अधिक सुंदर आहे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

दार नासते कसे, हेही थोडे सांगणे अवश्य आहे. लाकडी कवाड प्रथम खालून कुजते, कारण पावसाचे पाणी उंबरठ्याशी साचते. बिजागरी गंजली म्हणजे कवाडाचा भार एका अंगास पडतो, मग ते जमिनीस घासू लागते, आणि घासणारे दार लोक लाथेने लोटतात. दगडी कमानीचा वैरी पाऊस नव्हे, तर पाखराच्या विष्ठेतून आलेले वडा-पिंपळाचे बी होय. दरजेत रुजलेले बोटभर रोप पहिल्या वर्षी हाताने उपटता येते. दहाव्या वर्षी त्यास कुऱ्हाड लागते. तिसाव्या वर्षी झाड काढावे तर कमान येते आणि ठेवावे तर कमान जाते. जुन्या चुन्याच्या बांधकामास घाईने सिमेंट फासले, तर आतली ओल बाहेर निघण्यास वाट मिळत नाही व दगडच सुटू लागतो. ह्या सर्वांवरचे उपाय स्वस्त आहेत: पावसाळ्यापूर्वी एक दिवस, थोडे तेल, थोडा चुना, एक शिडी. महाग पडते ते हे काम न करणे.

आपल्या रायगड जिल्ह्यातच समुद्रकाठी ह्याची आणखी दोन उदाहरणे आहेत, आणि ती आपल्या ख्रिस्ती पूर्वजांच्या इतिहासाशी जडलेली आहेत. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. तेथे देवालये, मठ, सात मजली मनोरा व भोवती तट होता. खाडीच्या पलीकडे कोरलईचा डोंगरी किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. त्यास एकामागून एक अकरा दरवाजे आहेत असे सांगतात. १७४० मध्ये दोन्ही स्थळे मराठ्यांकडे गेली. अकरा दरवाजांनी किल्ला राखला नाही. आज तेथे ओसाड कमानींतून वारा वाहतो. परंतु पायथ्याच्या कोरलई गावात कार्मेल डोंगराच्या मातेच्या नावाचे देवालय आहे, आणि तेथील ख्रिस्ती लोक पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या संगमातून झालेली आपली वेगळी बोली आजही बोलतात. वसईसही हेच घडले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला. शहर रिकामे झाले. दर्या-दरवाजा आणि भुई-दरवाजा ह्यांच्या आतली देवालये छपराविना उभी राहिली. मात्र त्याच वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे प्राण अर्पण करणारे संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या नावाचे देवालय त्या भग्न कोटात भक्तांनी पुन्हा उभे केले. जेथे राहणारी, येणारी-जाणारी माणसे उरली तेथे दार उरले. जेथे केवळ तट उरला तेथे दगडही उरला नाही.

वसई पडल्याची बातमी ऐकून मुंबईकरांनी काय केले, हे ह्या ठिकाणी सांगणे योग्य होईल. १७३९ मध्ये मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी त्या खर्चात ३०,००० रुपयांची भर घातली. दाराआड ज्यांच्या वखारी होत्या त्यांनी दाराच्या खर्चात हात घातला, हे उघड न्यायाचे होते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी, १८६० नंतरच्या दशकात, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकिर्दीत तो तट व त्याचे तिन्ही दरवाजे, अपोलो, चर्चगेट व बझारगेट, पाडून टाकण्यात आले. कारण शहर वाढले होते आणि दारे अडथळा झाली होती. तेव्हा प्रत्येक जुने दार राखलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. विचारपूर्वक काढलेले दार आणि दुर्लक्षाने कोसळलेले दार ह्यांत मोठा भेद आहे. पहिल्याचे नाव तरी राहते: रोज लक्षावधी माणसे चर्चगेट स्थानकात उतरतात.

गावाच्या वेशीची गोष्ट ह्याहूनही जवळची आहे. जुन्या गावगाड्यात वेशीचे कवाड सुताराने करावे, खिळे व कड्या लोहाराने द्याव्यात, आणि रात्री वेस वेसकराने राखावी, अशी वाटणी होती. वेसकराचे काम बहुधा महार बांधवांकडे असे. गावाचे दार ज्यांनी रात्रभर राखले त्यांची घरे मात्र त्या दाराच्या बाहेर होती. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांना हे दुःख पुस्तकातून वाचावे लागले नाही. दाराचा भार एकावर आणि दाराचा उपयोग दुसऱ्यास, अशी ही व्यवस्था होती. आणि जी व्यवस्था अशी असते तिचे दार कितीही मजबूत असले तरी ते आतूनच पोकळ असते.

ह्या अन्यायाचा निवाडाही ह्याच महाड गावी झाला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली व राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आदी स्थळे अस्पृश्य मानलेल्या लोकांसही खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि १९३७ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्या ठरावाचे मर्म सरळ आहे: जेथे खर्च सर्वांचा, तेथे प्रवेश सर्वांचा. आम्ही त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी मानतो: जेथे प्रवेश सर्वांचा, तेथे राखणही सर्वांची.

तर मग राखण वाटून घ्यावी कशी? ह्याचे उत्तम उत्तर आमच्या मते जुन्या करारातील नहेम्याच्या ग्रंथात आहे. ख्रिस्तपूर्व सुमारे ४४५ मध्ये नहेम्या यरुशलेमास आला तेव्हा तट पडलेला होता आणि वेशी आगीत जळालेल्या होत्या. त्याने रात्री फिरून नुकसान स्वतः पाहिले, आणि मग काम वाटून दिले. ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे. पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढे जातात, पण ती सावकाश वाचण्याजोगी आहे. मुख्य याजक एल्याशीब आणि त्याचे भाऊबंद ह्यांनी मेंढरांची वेस बांधली. सोनारांनी आपला भाग बांधला, सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांनी आपला, व्यापाऱ्यांनी आपला. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनी काम केले. कित्येकांना आपल्या घरासमोरचाच भाग दिलेला होता. कवाडे, कड्या व अडसर ह्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तकोवा गावच्या सामान्य लोकांनी काम केले, पण तेथील सरदारांनी मान वाकविली नाही, हेही त्या लेखकाने प्रामाणिकपणे नोंदून ठेवले आहे. बावन्न दिवसांत तट पुरा झाला. येथे पैशाचा आकडा नाही. येथे नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे भिंतीचा एक तुकडा आहे.

ह्या सर्व इतिहासाचा आजच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास आम्ही सावित्री नदीकडे बोट दाखवू. २०१६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेच्या रात्री महाडजवळचा ब्रिटिश काळातील दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने गेली. कित्येक घरांतील माणसे त्या रात्री परतली नाहीत. नवा पूल पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला. म्हणजे बांधणे अशक्य नव्हते, पैसाही अलभ्य नव्हता. पूल हेही वस्तीचे दारच. आणि आता कशेडीच्या डोंगरातून सुमारे दोन किलोमीटरांचे बोगदे काढलेले आहेत; पूर्वी वळणावळणांनी चढावे लागे तो घाट आता मोटारीने थोड्या मिनिटांत पार होतो. हे कोकणाचे नवे महाद्वार होय. त्याचा दिवा, त्याचा निचरा, त्याच्या छतातून ठिबकणारे पाणी ह्यांकडे वर्षानुवर्षे कोण पाहील, हाच ह्याही दाराचा प्रश्न राहील. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते.

प्रिय वाचकहो, आता शेवटी आपल्या स्वतःच्या फाटकाशी येऊ. आपल्या देवालयाच्या आवारास, शाळेस, स्मशानभूमीस जी दारे आहेत त्यांतून आपले बाप्तिस्मे, लग्ने व अंत्ययात्रा गेल्या. त्यांतील एखादे कवाड लोंबकळत असेल, एखाद्या खांबावर कोणी खरडले असेल, एखादी साखळी कोणी नेली असेल. असे झाले म्हणजे आपण प्रथम कोणी केले ते विचारतो, मग तक्रार करतो, आणि मग वार्षिक सभेत नव्या भव्य कमानीचा ठराव मांडतो. आमची नम्र सूचना ह्याच्या उलट आहे. नव्या कमानीसाठी जेवढी वर्गणी जमेल तिचा काही हिस्सा बाजूस ठेवून त्याच्या उत्पन्नातून दरवर्षीची डागडुजी चालावी. प्रत्येक दारापुढे एका वाड्याचे नाव लिहिले जावे, आणि पावसाळ्यापूर्वीचा एक रविवार त्या कामासाठी राखावा. ज्याने खरडले तो सापडला तर त्यास दंडापेक्षा ब्रश हाती द्यावा; जो हात एकदा दार पुसतो तो पुन्हा ते घाण करण्यास सहसा धजत नाही. मुलींस, म्हाताऱ्यांस, नव्याने राहावयास आलेल्यांस ह्या कामातून वगळू नये, कारण ज्यास राखण दिली जात नाही त्यास दार आपले वाटत नाही.

हे सर्व फार लहान आहे, ह्याची आम्हांस जाणीव आहे. पन्नास हजार होनांच्या मानाने एका तेलाच्या वाटीची किंमत ती काय! पण रायगडच्या इतिहासात आपण पाहिले, की दाराचा नाश होनांच्या अभावाने झाला नाही. ज्या दिवशी तेलाची वाटी हाती घेणारा माणूस उरला नाही त्या दिवशी तो सुरू झाला. पुढच्या ज्युबिलीस जे पुस्तक निघेल त्यात देणगीदारांच्या यादीशेजारी दार राखणाऱ्यांचीही एक यादी छापली जावी, आणि तीत आपल्या प्रत्येक घरातील एक तरी नाव असावे, एवढीच आमची इच्छा आहे. ज्या प्रभूने स्वतःस मेंढरांचे दार म्हटले, तो आपल्या ह्या लहान दारांवरही कृपादृष्टी ठेवो.